पावसाळा आणि मोटारसायकलची वीजयंत्रणा

साकीनाक्याच्या चौकात अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता एकमेकांना मिळतात. डोक्यावरून २०१४ सालापासून मेट्रो धावते, तरी खालच्या रस्त्यावरील दुचाकींची गर्दी ओसरलेली नाही. कारखान्यांतील कामगार, फिरते विक्रेते, घरपोच माल पोहोचविणारे तरुण, अशा कितीतरी जणांचा दिवस मोटारसायकलवर अवलंबून असतो. विहार आणि पवई तलावांचे वाहून आलेले पाणी घेऊन मिठी नदी याच परिसरातून कुर्ल्याकडे जाते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. अशा ठिकाणी ऐन वाहतुकीत गाडी बंद पडणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर शब्दशः पाणी पडणे होय.

पाण्याने वीज बिघडते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती कशी बिघडते, हे समजून घेतले तर उपाय सोपे होतात. नुसते पावसाचे पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नव्हे. परंतु रस्त्यावरची धूळ, चिखल आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ त्यात मिसळले की ते विजेला वाट करून देते. प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. प्लगच्या टोपीला भेग असेल किंवा तिच्यावर ओला मळ बसलेला असेल, तर ठिणगी इंजिनाच्या आत न पडता बाहेरच्या बाहेर निसटते. बॅटरीच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये असे क्वचितच घडते. तेथील नुकसान संथ असते. तांब्या-पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो, जोड सैल पडतो आणि वीज अडखळू लागते.

मॅग्नेटो आणि पॉइंट असलेल्या जुन्या गाड्या पावसात हटकून रुसत. पण चालक खिशातील रुमालाने प्लगची टोपी पुसून, दोन-चार किका मारून पुढे जात असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर दुचाकींत इंधन फवारणारी यंत्रणा, तिचे सेन्सर आणि त्यांवर देखरेख ठेवणारा नियंत्रक आला. ही नवी गाडी पावसात सहसा थांबत नाही. तिचे दुखणे पुष्कळदा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, वर येते. कारण चार महिने एखाद्या कपलरमध्ये साचून राहिलेल्या ओलाव्याने तोवर पिन खाल्लेली असते. तेव्हा वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा आत अडकून बसलेल्या पाण्याची काळजी अधिक घेतली पाहिजे.

यासाठी मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस काढावा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. सीट आणि टाकीखालचे तसेच हेडलाइटमागचे कपलर एकेक करून उघडावेत, कोरड्या कापडाने व बारीक ब्रशाने साफ करावेत आणि विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉनचे ग्रीस त्यांत अगदी पातळ लावावे. चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस येथे चालत नाही. त्याने रबरी भाग फुगतात. कपलरमधील रबरी कडे हरवलेले असेल तर ग्रीसने ती उणीव भरून निघत नाही. कडेच नवे बसवावे. बॅटरीच्या टोकांना मात्र साधे व्हॅसलीन पुरते. प्लगच्या खोबणीतील पाणी वाहून जाण्यासाठी अनेक इंजिनांना एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की प्लग डबक्यात उभा राहतो. एका तारेने हे छिद्र मोकळे करण्यास मिनिटभरही लागत नाही, तरी बहुतेकांना त्याची माहिती नसते.

जादा दिवे, मोठा भोंगा, मोबाइल चार्ज करण्याची सोय या गोष्टी नंतर जोडताना मूळ वायर सोलून तिला पीळ दिला जातो आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. निम्मी दुखणी येथून सुरू होतात. पट्टी पहिल्या पावसात सुटते, पाणी तारेच्या बारीक तंतूंमधून आत झिरपते आणि पट्टीच ते सुकू देत नाही. जोडाला डाख देऊन त्यावर तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी, स्वतंत्र फ्यूज घालावा आणि वायरला जोडापूर्वी खाली झोळ ठेवावा, म्हणजे थेंब जोडाकडे न जाता झोळातून गळून पडतो.

गाडी झाकण्याविषयीही गैरसमज आहे. ओल्या गाडीवर घट्ट प्लास्टिक घातल्यास आत वाफ धरते. गाडी पुसून, थोडी सुकू देऊन, खालून वारा खेळेल असे आच्छादन घालावे. खेडेगावात शाळेच्या किंवा पंचायतीच्या कचेरीच्या पन्हळीखाली गाडी उभी करण्याची सवय आढळते. तेथे पाण्याची धार नेमकी किल्लीच्या कुलपावर पडते. आच्छादनाखाली उंदीरही आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, हेही ध्यानात असावे. धुताना जोरदार फवारा कपलर, स्विच आणि मीटर यांवर रोखू नये. पावसाने न शिरलेले पाणी तो आत ढकलतो. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसल्यामुळे सुरू न होणारी गाडीही वर्कशॉपपर्यंत ढकलत नेली जाते, तेव्हा आधी तेवढे धुऊन पाहावे.

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली आणि मिठीकाठच्या वस्त्यांत असंख्य वाहने बुडाली. बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह अतिशय महागात पडतो. इंजिनात पाणी गेले असल्यास बटण दाबताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि ओल्या वायरिंगमधून वीज गेल्यास नियंत्रकही जळतो. म्हणून किल्ली न फिरवता प्रथम बॅटरीची तार काढावी. हवेच्या गाळणीत पाणी आहे का ते पाहावे. प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे. तेल दुधाळ दिसल्यास बदलावे. कपलर उघडे ठेवून दोन दिवस वाऱ्यावर सुकू द्यावेत. वेळ असेल तर तिसराही. त्यानंतरच बॅटरी जोडावी, आणि एखादा फ्यूज पुनःपुन्हा जळू लागल्यास त्याच्या जागी जाड तार घालू नये.