एका पोलादी कंपनीच्या दोन परीक्षा



एका कंपनीनें दुसरी विकत घेतल्याचें वृत्त आलें, म्हणजे आपण वर्तमानपत्राचें तें पान उलटतों. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. बाजाराची खातेवही मला फारशी कळत नाहीं. पण परीक्षा म्हणजे काय हें ठाऊक आहे. म्हणून अमेरिकेंतील एका कंपनीच्या दोन परीक्षांची हकीकत आज सांगणार आहें.

युनायटेड स्टेट्स स्टील ही कंपनी जे. पी. मॉर्गन या धनाढ्यानें १९०१ सालीं उभारली. कार्नेगीचे कारखाने तींत विलीन झाले आणि देशांतील सुमारें दोन-तृतीयांश पोलाद एका हातीं आलें. मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा १८९० सालचा. त्याच्या आधारें सरकारनें १९११ मध्यें खटला भरला. १९२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो चार विरुद्ध तीन मतांनीं फेटाळला. नुसता मोठेपणा हा गुन्हा नव्हे, असें बहुमताचें म्हणणें. मला तें पुरतें पटत नाहीं. परंतु निकालपत्र छापलेलें आहे, विरोधी मतहि छापलेलें आहे. कोणाहि विद्यार्थ्यास तें वाचून गुरुजींशीं वाद घालतां येतो.

दुसरी परीक्षा निराळी. परकीयानें देशांतील उद्योग घेतल्यास राष्ट्राच्या संरक्षणास धोका आहे काय, हें पाहण्यासाठीं १९७५ सालीं राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं सरकारी खात्यांची समिती नेमली. पुढें जपानच्या फुजित्सूनें चिप बनविणारी फेअरचाइल्ड कंपनी घेण्याचें योजिलें, गहजब झाला, व १९८७ मध्यें तो बेत सुटला. गंमत अशी कीं, फेअरचाइल्ड तेव्हांहि अमेरिकनांची नव्हती. फ्रेंचांनीं स्थापिलेल्या श्लंबर्जे कंपनीची होती! या गडबडीनंतर १९८८ च्या कायद्यानें व्यवहार थांबविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास मिळाला. त्याच्या निष्कर्षांची छाननी न्यायालयांनीं करूं नये, असेंहि ठरलें. समितीचें कामकाज तर गुप्तच.

२०२३ च्या ऑगस्टांत क्लीव्हलंड-क्लिफ्स या स्वदेशी कंपनीनें आपल्या पोलादी कंपनीस मागणी घातली. ती मान्य होती तर अमेरिकेंतील साऱ्या झोतभट्ट्या एका मालकाच्या झाल्या असत्या; म्हणजे पहिल्या परीक्षेचें भय. डिसेंबरांत जपानच्या निप्पॉन स्टीलनें दर शेअरास ५५ डॉलर, एकूण सुमारें १४ अब्ज डॉलर देऊं केले, तेव्हां दुसरीचें. कामगार संघटनेनें विरोध केला. शिवाय २०२४ हें निवडणुकीचें वर्ष, आणि कंपनीचें घर दोन्ही पक्षांस हव्या असलेल्या पेनसिल्व्हेनियांत. बायडन व ट्रम्प या दोघांनींहि विक्रीस प्रतिकूल मत दिलें.

डिसेंबर २०२४ मध्यें समितीचें एकमत झालें नाहीं, आणि ३ जानेवारी २०२५ रोजीं बायडन यांनीं व्यवहारास मनाई केली. ज्याच्या भूमीवर अमेरिकेच्या फौजा आहेत त्या मित्रदेशाची ही कंपनी! विश्वासार्ह पुरावा आहे, असें आदेशांत म्हटलें. तो काय, हें नाहीं.

कांहीं गुपितें चव्हाट्यावर आणतां येत नाहींत, हें मी मानतों. तरुणपणीं मीं एका मुलास नापास करून उत्तरपत्रिका दाखविण्याचें नाकारलें होतें. गुण बरोबरच होते. पण त्याचे वडील पुढें माझ्याशीं कधीं सरळ बोलले नाहींत, आणि आतां वाटतें, त्यांचें काय चुकलें?

१३ जून २०२५ रोजीं ट्रम्प यांनीं तोच व्यवहार अटींवर मान्य केला. सरकारास एक ‘सुवर्ण शेअर’ मिळाला. त्यायोगें कंपनीचें नांव बदलणें किंवा मुख्य कचेरी पिट्सबर्गहून हलविणें राष्ट्राध्यक्षाच्या संमतीवांचून होणार नाहीं. निप्पॉननें ११ अब्ज डॉलर गुंतविण्याचें वचन दिलें. या अटींनीं धोका टळतो, असें नव्या आदेशांत आहे. तो धोका मुळांत कोणता होता, हें मीं जाहीर झालेल्या कागदांत पुष्कळ शोधलें. अजून सांपडलेलें नाहीं.