‘राजीखुशीने गेला’ म्हणजे काय?

(मानवी तस्करीविरोधी जागतिक दिनानिमित्त युवा मेळाव्यात केलेलं भाषण)



आज ३० जुलै. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ साली ठराव करून हा दिवस मानवी तस्करीविरोधी दिन म्हणून जाहीर केला. आपल्या राज्यघटनेने त्याच्या कितीतरी आधी, अनुच्छेद २३ मध्ये, माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली आहे. मूलभूत हक्क बहुतेक वेळा आपण सरकारकडे मागतो. हा हक्क मात्र मालकाविरुद्ध, दलालाविरुद्ध, अगदी नातेवाइकाविरुद्धही मागता येतो.

मी कामगारांच्या प्रश्नांवर काम करतो. तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं दृश्य येतं. अंधारी गल्ली, भरधाव गाडी, तोंडावर दाबलेला रुमाल. माझ्यापर्यंत आलेल्या हकिगतींत असं क्वचितच असतं. तिथे माणूस दारातून पाहुणा म्हणून येतो, घरचे त्याला चहा देतात, मोठी माणसं बसून बोलणी करतात. पुढे सगळं बिघडलं की पोलिस ठाण्यात आणि जमातीत एकच वाक्य ऐकू येतं, ‘तो तर राजीखुशीने गेला होता.’ मुलगी असेल तर, ‘तिने कुबूल केलं होतं.’ आज मला या एकाच वाक्याविषयी बोलायचं आहे.

१९९१ साली हैदराबादहून दिल्लीला निघालेल्या विमानात एका हवाई सेविकेला रडणारी एक लहान मुलगी दिसली. तिच्याबरोबर साठीच्या घरातला एक सौदी नागरिक होता. चौकशी झाली तेव्हा तो तिचा नवरा असल्याचं निघालं. निकाहाचे कागद होते, बापाची परवानगी होती. त्या सेविकेने कागदांवर विश्वास ठेवला नाही, मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर ठेवला. मुलगी वाचली. तो माणूस जामिनावर सुटला आणि देश सोडून गेला.

ही जुनी गोष्ट झाली, असं म्हणाल. सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी अशाच लग्नांच्या प्रकरणात ओमान आणि कतारच्या नागरिकांना पकडलं. त्यांच्याबरोबर दलाल होते, आणि निकाह लावून देण्याच्या आरोपाखाली काझीही होते. आता विचार करा. निकाह हा करार आहे, आणि मुलीच्या संमतीशिवाय तो होत नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. मग गरिबीने गांजलेल्या घरातल्या अल्पवयीन मुलीला भेटीचं आमिष दाखवून, काही आठवड्यांसाठी, परक्या भाषेच्या म्हाताऱ्यापुढे बसवून घेतलेलं ‘कुबूल’ कुणाचं असतं? कायद्याचं उत्तर सरळ आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार, अल्पवयीन मुलीला फसवून किंवा विकून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल असतं.

फसवणूक फक्त मुलींचीच होते असं नाही. इथे बसलेल्या मुलांनी पुढचं नीट ऐकावं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची शिकलेली मुलं थायलंडमधल्या नोकरीच्या जाहिराती पाहून निघाली. डेटा एन्ट्री, डिजिटल मार्केटिंग, चांगला पगार, राहणं-खाणं कंपनीचं. बँकॉकला उतरल्यावर गाडी त्यांना तासन् तास चालवत मे सोट या सीमेवरच्या गावी नेते. मोई नदी ओलांडली की समोर म्यानमारमधलं म्यावाडी. तिथे उंच भिंती, बंदूकधारी पहारा, आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. काम काय? दिवसाचे पंधरा-सोळा तास खोट्या नावाने लोकांशी प्रेमाच्या गप्पा मारायच्या आणि त्यांना बनावट गुंतवणुकीत ओढायचं. नकार दिला तर मारहाण, विजेचे झटके. परत जायचं तर घरून खंडणी मागवा.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा कामाला जुंपलेली असावीत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ भारतीयांना मे सोटहून परत आणलं गेलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून भारतीयांची सुटका केली आणि दलालांना अटक केली. म्हणजे ही साखळी आपल्या राज्यापर्यंत पोचलेली आहे.

या मुलांनी विमानात पाऊल स्वतःच टाकलं होतं. तिकीट हातात घेऊन, घरच्यांना मिठी मारून. मग ती राजीखुशीने गेली का?

याच प्रश्नाचं उत्तर जगाने २००० साली दिलं. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी तस्करीविषयीचा पालेर्मो करार स्वीकारला. आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. हा करार तीन गोष्टी तपासायला सांगतो. माणसाला नेलं किंवा ठेवून घेतलं का? त्यासाठी धाक, फसवणूक किंवा त्याच्या लाचारीचा वापर केला का? आणि हेतू त्याचं शोषण करण्याचा होता का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर पीडित माणूस ‘हो’ म्हणाला होता की नाही याला काही अर्थ उरत नाही. अल्पवयीन असेल तर दुसरा प्रश्नही विचारायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही हेच लिहिलं आहे. गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. शिक्षा किमान सात वर्षं, अल्पवयीन असेल तर किमान दहा वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. सक्तीच्या मजुरीतून दरवर्षी २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असा याच संघटनेचा हिशेब आहे. एवढ्या पैशापुढे एकटा कायदा पुरत नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत मानवी तस्करीविरोधी पथकं आहेत, पण सुटून आलेल्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न तसाच पडून आहे. प्रतिबंधासोबत पुनर्वसनाचीही तरतूद असलेलं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये बाद झालं. म्यावाडीहून परतलेल्या मुलाकडे तर शेजारीच ‘सायबर चोर’ म्हणून बघतात. ज्याच्याकडून मारून गुन्हा करवून घेतला, तो आधी पीडित आहे.

परदेशी जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत आखाताच्या कमाईवर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मुलं डॉक्टर झाली. जा, पण डोळे उघडे ठेवून जा. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते बघा. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. तो दीड लाख मागत असेल, तर तुम्ही नोकरी विकत घेत नाही आहात, स्वतःला गहाण टाकत आहात. कारण ते कर्ज फिटेपर्यंत कितीही छळ झाला तरी तुम्ही परत येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ’ म्हणाला, तर तिथेच थांबा. पासपोर्ट, करार आणि व्हिसाच्या प्रती घरी ठेवा. पोचल्यावर पासपोर्ट कुणी काढून घेतला, तर भारतीय वकिलातीला कळवा.

आता शेवटचं, आणि अवघड. हा दलाल बहुतेक वेळा परका नसतो. तो कुणाचा तरी मामू असतो, मोहल्ल्यातला इज्जतदार माणूस असतो. म्हणून आपण गप्प बसतो. वर म्हणतो, ‘बाहेर बोललात तर कौमची बदनामी होईल.’ ही भीती खोटी नाही. अशा बातम्यांवर टपून बसलेले लोक आहेत, आणि ते एका काझीच्या गुन्ह्यासाठी सगळ्या समाजाला आरोपी करतात. पण आपल्या अब्रूची किंमत एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीने का मोजायची?

२०१४ मध्ये दाएशने यझिदी बायकांना गुलाम करून बाजारात विकलं, आणि तेही धर्माचं नाव घेऊन. तेव्हा शंभरहून अधिक मुस्लिम विद्वानांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की गुलामगिरी पुन्हा आणणं इस्लामला मंजूर नाही. ते म्हणाले नाहीत की आपलीच माणसं आहेत, झाकून ठेवू. आपल्या मोहल्ल्यात आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. घाईघाईत एखादा निकाह ठरतोय, मुलगी अल्पवयीन आहे, नवरदेव परदेशी आहे, तर १०९८ ला फोन करा. एखाद्या मित्राला अचानक परदेशातली नोकरी लागली, तर मिठाई खाण्याआधी कंपनीचं नाव आणि एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा. त्याला राग येईल, येऊ द्या.

आणि यापुढे कुणी ‘राजीखुशीने गेला’ म्हणालं, तर एवढंच विचारा, त्याला आधी काय सांगितलं होतं?