स्वर धरून ठेवताना

आमगाव परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांमुळे पेटीचा सूर सर्वांच्या ओळखीचा. भाता चालतोय तोवर तो टिकतो. बास गिटारचं तसं नाही. तार छेडली की लगेच आवाज ओसरू लागतो, आणि तो टिकवण्याची मदार डाव्या हाताच्या बोटावर असते. फ्रेटच्या धातूच्या पट्टीलगत, किंचित मागे बोट ठेवून तार दाबा. स्वराचा काळ संपेपर्यंत उचलू नका. नवखे वादक पुढच्या स्वराच्या घाईत बोट आधीच सैल करतात आणि सगळ्या गाण्याचा पाया खचतो.

भातखंडे लिपीत ‘सा – – –’ म्हणजे चार मात्रांचा सा. पाश्चात्त्य लिपीत चार मात्रांसाठी बिनदांडीचं पोकळ चिन्ह असतं. एकाच स्वराची लागोपाठची दोन चिन्हं कमानीनं जोडली असतील, तर दुसऱ्यांदा तार छेडायची नाही, फक्त मोजत राहायचं. मोठ्यानं मोजा, मनातली मोजणी हमखास पळते.

स्वर वेळेवर थांबवणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. पाचव्या मात्रेवर विराम असेल, तर नेमकं तिथंच तारेवर हलकं बोट टेकवून आवाज बंद करा.

मेट्रोनोम 60 वर ठेवा: चार मात्रा, चार सेकंद. सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. इतका खर्ज मोबाइलच्या स्पीकरवर नीट उमटत नाही, म्हणून आपला सराव ध्वनिमुद्रित केलात तर तो हेडफोन लावूनच ऐका.