शाळेतला धडा आणि कपाशीची बोंडअळी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ज्यांच्या घरी दहावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांच्याकडून विज्ञानाच्या पुस्तकातला आनुवंशिकता व उत्क्रांतीचा धडा वाचून घ्यावा. आपल्या कपाशीत गेली काही वर्षे जे घडते आहे, त्याचे कारण त्या धड्यात आहे.

"अळीला औषधाची सवय झाली," असे आपण सर्रास म्हणतो. तसे नसते. विष खाल्लेली अळी मरते, तिला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच वेगळी असते, तिच्यावर विष चालत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढे तिचीच पिलावळ वाढते. ज्वारीची टपोरी कणसे तुम्ही बियाण्यासाठी बाजूला काढता ना? तोच प्रकार. इथे बियाणे अळीचे आणि निवडणारे आपण, तेही नकळत. डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा ग्रंथ लिहिला, तेव्हा सुरुवात माणसाने पाळलेल्या जनावरांपासून आणि पिकांपासूनच केली होती.

आपल्या देशात बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावायची होती. कितीजणांनी लावली? मी काही पंचनामा करायला आलेलो नाही, पण पुष्कळ पुड्या बांधावर गेल्या आणि काही नांग्या भरायला वापरल्या गेल्या. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. "नियम आहे, लावा," एवढेच आम्ही सांगत राहिलो. का लावायची, हे समजावण्यात आम्ही कमी पडलो.

ते कारण मेंडेलच्या वाटाण्यात आहे. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली सगळी रोपे उंच निघतात, बुटकेपणा दबून राहतो. बीटीला दाद न देण्याचा गुणही बहुधा असाच दबणारा असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो प्रकट होतो. कडेच्या बिगर-बीटी ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात. बीटीवर वाचलेल्या एखाद्या पतंगाचा जोडा त्यांच्याशी जमला, तर पुढची पिढी बीटीवर मरते. त्या ओळी नसल्या की वाचलेल्याचा जोडा वाचलेल्याशीच जमतो. पुढचे तुम्ही पाहिलेच आहे.

मग हिरवी बोंडअळी अशी का माजली नाही? कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते. तिच्यासाठी बिगर-बीटी पट्टा शिवारातच होता. गुलाबी अळीचे पोट मात्र मुख्यतः कपाशीवरच. एका जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातमध्ये २०१० साली जाहीर झाली, नंतर दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली.

आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येते. पण गुलाबी अळीपुरती ती वेळ बरीचशी टळून गेली आहे. तिची उपासमार करणे अजून आपल्या हातात आहे. मे महिन्यात धूळपेरणी करू नका. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग सापडले, तरच फवारणी करा. दर वेळी औषधाचा गट बदला, नाहीतर औषधाच्या बाबतीतही तीच निवड होईल. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. पाणी आहे म्हणून फरदड घेण्याचा मोह होतो, त्या चार क्विंटलांत अळीचे पुढच्या वर्षाचे बियाणे तयार होते. डिसेंबरअखेर शेत मोकळे करा. पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचू नका, कारण किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत, सरकीतूनही पतंग निघतात.