म्हाताऱ्या कुत्र्याचा सावकाश आजार

दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्याचे दात साफ करायचे असतात. भूल देण्याआधी डॉक्टर रक्त तपासतात आणि रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निघतात ४०,०००. निरोगी कुत्र्याच्या मायक्रोलिटरभर रक्तात त्या साधारण १,००० ते ४,८०० असतात. कुत्रा तर नीट जेवतोय, बेल वाजली की भुंकतोय. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग, पुष्कळदा असाच अवचित सापडतो. घरचे घाबरून विचारतात, "डॉक्टर, औषध आजच सुरू करायचं ना?"

पुष्कळदा उत्तर असतं, आज नाही.

आधी निदान पक्कं व्हायला हवं. गोचिडांमधून होणाऱ्या एर्लिकियाच्या संसर्गातही लिम्फोसाइट अशाच वाढू शकतात, आणि त्यावरचं औषध, डॉक्सिसायक्लिन, अगदी वेगळं. आपल्याकडे गोचिडांना तोटा नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका. मग फ्लो सायटोमेट्रीने पेशींची जात ठरवतात. कुत्र्यांत त्या बहुतेक वेळा टी-पेशी असतात.

निदान झालं तरी कुत्रा ठणठणीत असेल तर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासत राहणं पुरतं. आकडा साधारण ६०,००० च्या पुढे गेला, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट उतरू लागले, प्लीहा वा लसिकागाठी सुजल्या, वजन घटलं, की औषधाची वेळ आली.

मुख्य औषध क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या. त्या पेशीच्या डीएनएला जखडतात, त्यामुळे तिचं विभाजन थांबतं. सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे रोज, मग डोस कमी. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. या पेशी मुळात संथ वाढणाऱ्या, त्यामुळे आकडा उतरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. गुण दिसत नाही म्हणून मनाने डोस वाढवू नका. हेच औषध अस्थिमज्जेलाही दाबतं, म्हणून सुरुवातीला आठवड्या-पंधरवड्याने रक्त तपासावं लागतं.

क्लोरॅम्ब्युसिल फ्रिजमध्ये ठेवा. गोळी तोडू नका, कुटू नका. हातमोजे घालूनच द्या. कुत्र्याची शी-शू उचलतानाही ते घाला. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. प्रेडनिसोलोनमुळे कुत्रा सारखं पाणी पितो, रात्री फिरायला उठवतो, भाकरीच्या डब्यावर डोळा ठेवतो. कंटाळून ते एकदम बंद करू नका. आणि लंगडतोय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. प्रेडनिसोलोन आणि ती गोळी मिळून पोटात व्रण होऊ शकतात.

हा आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. उपचारांवर अनेक कुत्री वर्ष ते तीन वर्षं काढतात, तीही बऱ्यापैकी मजेत. तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: औषध नेमकं कोणत्या कारणासाठी सुरू करताय, आणि पुढचं रक्त कधी तपासायचं? दोन्ही उत्तरं कॅलेंडरवर लिहून ठेवा.