वॉर्डातल्या आईची मजुरी कोण भरणार?

(युवक शिबिरातलं भाषण)



पोरांच्या वॉर्डात भिंतीवर मोर-ससे रंगवले की सरकारला वाटतं, झाली सुधारणा. २०२१ साली केंद्राने 'मुस्कान' योजना आणली. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना सरकारी दवाखान्याची भीती वाटू नये, असं तिच्यात आहे. वाईट नाही. रंग स्वस्त असतो. पण तापाने फणफणलेलं पोर आईचा पदर शोधतं.

विलायतेत हे पटायला १९५९ साल उजाडलं. तोवर तिथं आईबापाला ठरल्या वेळेलाच पोराला भेटू देत. पोर रडून रडून गप्प झालं की म्हणत, रुळलं! जेम्स रॉबर्टसनने १९५२ साली त्याची फिल्मच काढली. मग प्लॅट समितीने सांगितलं, आईला कधीही येऊ द्या, लहान पोराजवळ राहू द्या.

आपल्याकडे आई आधीपासूनच वॉर्डात असते. का? तर नर्सेस कमी, आया कमी. सलाइन संपलं की हाक तिनंच मारायची, फडकी तिनंच धुवायची, एक्स-रेला पोर तिनंच न्यायचं. एका सरकारी दवाखान्यात भावाच्या पोरासाठी आम्ही अकरा दिवस काढले. वहिनी दोन खाटांमधल्या फरशीवर झोपायची. ताट यायचं ते पोराचं. अकरा रोज बुडाले. मुकादमाने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. हा खर्च कुठल्या बजेटात लिहिलाय? कुठंच नाही. म्हंजे वॉर्ड चालतो तो आपल्या बायांच्या फुकट राबण्यावर.

पैसा नाही म्हणतात. मग कुपोषित पोरांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी कसा निघाला? २०११च्या केंद्राच्या सूचनांत आईचं जेवण आणि बुडीत मजुरी दोन्ही धरलेलं आहे. कारण उघड आहे, चूल विझली की आई पोराला अर्ध्या उपचारातून उचलून घरी नेते. मग न्यूमोनियाच्या पोराची आई काय हवेवर जगते?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी रजा देणाऱ्या बिलाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. पुढल्या साली कायदा झाला. नाक्यावर उभी राहणारी बाई मात्र पोर आजारी पडलं की आजही स्वतःच्या पोटाला चिमटा काढते.

तेव्हा या रविवारी वह्या घेऊन वॉर्डात जायचं. एकेका आईजवळ बसून विचारायचं, मावशी, किती दिवस झाले? रोज किती होता? आज जेवलात का? लिहून घ्यायचं. बेरीज करायची. आणि सोमवारी ती वही सिव्हिल सर्जनच्या टेबलावर ठेवायची.