सत्यान्वेषीचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ब्योमकेश बक्षी हे नाव आपल्याकडच्या बहुतेकांना कळलं ते १९९३ साली. बासू चटर्जींची हिंदी मालिका दूरदर्शनवर आली आणि रजित कपूर यांचा ब्योमकेश आणि के. के. रैना यांचा अजित घरोघरी ओळखीचे झाले. धोतर-कुर्त्यातला हा माणूस पाठलाग करत नाही, मारामारी करत नाही. समोरच्याचं नीट ऐकून घेतो. कुणी डिटेक्टिव्ह म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. घराच्या दारावरच्या पाटीवरही तेच लिहितो. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये त्याच्या बंगाली कथा लिहायला सुरुवात केली. बत्तीस पूर्ण झाल्या. तेहतिसावी अर्धवट राहिली, कारण १९७० मध्ये लेखकच गेले.

कथेतल्या माणसाचं घर शोधायला निघणं हा तसा वेडेपणाच. पण हे वेड जगभर आहे. शेरलॉक होम्सचं घर पाहायला लोक लंडनला बेकर स्ट्रीटवर जातात. कोलकात्यातही जाणकार मंडळी ब्योमकेशच्या खुणा दाखवत पायी फिरवून आणतात. अशाच एका फेरीत एका जानेवारीत मी सामील झालो. आम्ही बाराएक जण होतो. वाट दाखवणारे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. निघण्यापूर्वीच त्यांनी सांगून टाकलं, “मी तीन प्रकारच्या गोष्टी सांगेन. कथेत लिहिलेल्या, लेखकाच्या आयुष्यात घडलेल्या आणि लोकांनी नंतर जोडलेल्या. कुठली कोणती, ते दर वेळी सांगेन. सत्यान्वेषीच्या नावानं फिरायचं तर एवढं पथ्य हवं.”

सुरुवात कॉलेज स्ट्रीटच्या चौकातून झाली. पुस्तकांच्या टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. इथून जो रस्ता आडवा जातो तो महात्मा गांधी रोड. त्याचं जुनं नाव हॅरिसन रोड. एका टोकाला हावड्याचा पूल, दुसऱ्या टोकाला सियालदह स्टेशन. म्हणजे आगगाडीनं शहरात उतरलेला माणूस, कुठल्याही बाजूनं आला तरी, याच रस्त्याला लागणार. ब्योमकेश आणि अजित यांचं वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड शरदिंदूंनी या हॅरिसन रोडवर ठेवलं. पुंटीराम नावाचा नोकर चहा आणतो, दोघं वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात आणि जिन्यावर पावलं वाजतात. कितीतरी कथा अशा सुरू होतात.

तिथून आम्ही प्रेसिडेन्सी बोर्डिंग हाऊसपाशी गेलो. ही मात्र खरी इमारत. शरदिंदूंचा जन्म १८९९ चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. वाढले बिहारमध्ये, मुंगेरला. मॅट्रिक झाल्यावर विद्यासागर कॉलेजात शिकायला कोलकात्यात आले आणि १९१९ मध्ये पदवीधर झाले. त्या काळात ते या बोर्डिंगात राहिले होते. कवी जीवनानंद दास यांचंही वास्तव्य इथं झालं होतं. आमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, “म्हणजे ब्योमकेशचं घर हेच?” सर हसून म्हणाले, “हे लेखकाचं घर. ब्योमकेशचं म्हणणं हा तिसरा प्रकार.”

इथं ‘मेस’ या शब्दाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे मेस म्हटलं की डबा किंवा पुण्याच्या पेठांतली विद्यार्थ्यांची खानावळ डोळ्यांपुढे येते. कोलकात्याची मेसबाडी म्हणजे राहणं आणि जेवणं दोन्ही. खेड्यापाड्यांतून आलेले कारकून, शिक्षक, विद्यार्थी एक घर मिळून चालवत. एका खोलीत तीन-चार खाटा. खाटेखाली ज्याची त्याची ट्रंक. दर महिन्याला एक जण व्यवस्थापक व्हायचा, बाजारहाट पाहायचा. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रोज खुणा व्हायच्या: सकाळी जेवला, रात्री जेवला, पाहुणा आणला. महिनाअखेरीला एकूण खर्च भागिले एकूण जेवणं. ज्याची जितकी जेवणं तितके त्याचे पैसे. मुंबईत गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्या किंवा धोबीतलावचे गोवेकर खलाशांचे कूड ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

आता विचार करा, रहस्यकथेला याहून चांगली जागा कोणती? शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरतो कसा, त्याला मासा कोणता आवडतो, हे ठाऊक असतं. पण तो आला कुठून, त्याच्या ट्रंकेत काय आहे, हे कुणी विचारत नाही. आणि कोण कुठल्या रात्री जेवायला नव्हता याची नोंद वहीत असतेच! ‘सत्यान्वेषी’ या कथेत ब्योमकेश पहिल्यांदा दिसतो तो अशाच मेसमध्ये, खोटं नाव सांगून जागा मागताना. अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. साहित्यातली एक मोठी मैत्री सुरू झाली, ती खाट टाकायला जागा देण्यातून.

पुढच्या गल्लीत सर आम्हाला एका जुन्या मेसबाडीत घेऊन गेले. काळोखा जिना, मधोमध चौक, त्यात नळ. आम्ही कॅमेरे सरसावले. एकानं उत्साहानं जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ‘अजितबाबू’ अशी हाक मारली. वरून एक वृद्ध गृहस्थ खाली आले. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, हातात दुधाची पिशवी. त्यांनी आमच्याकडे शांतपणे पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, “ब्योमकेश इथं कधी राहिला नाही. मी राहतो. बेचाळीस वर्षं झाली.”

कुणाला काय बोलावं सुचेना. सरांनी हात जोडले, “दादा, आम्ही विचारायला हवं होतं.” कॅमेरे खाली गेले. त्या गृहस्थांचा राग लगेच निवळला. कदाचित राग नव्हताही. म्हणाले, दोघं-दोघं करून वर या. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर दिनदर्शिका. पूर्वी इथं चार खाटा होत्या. ते मेदिनीपूरकडच्या खेड्यातून एका खासगी कचेरीत नोकरीला आले. शनिवारी गाडीनं गावी, सोमवारी पहाटे परत, असं आयुष्य गेलं. मुलं शिकली, घर बांधून झालं. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन पाहिलं, पण करमेना. सगळे सोबती गेले. कुणी गावी, कुणी उपनगरातल्या फ्लॅटमध्ये, कुणी कायमचे. मेसचं स्वयंपाकघर बंद झालं. वह्या मात्र त्यांनी जपल्या होत्या. त्यांनी एक वही उघडून दाखवली. बंगाली अक्षरांत नावं, नावांपुढे बारीक बारीक उभ्या रेघा. “हे सगळे जेवून गेले,” ते म्हणाले.

खाली आल्यावर सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी पुरुष एकटाच शहरात येई, म्हणून मेस भरल्या. पुढे कुटुंब आणता येऊ लागलं, लोकलगाड्या वाढल्या, तरुणांना सामायिक खोली नकोशी झाली. आता या इमारती मोक्याच्या जागी असल्यानं मालकांनाही त्या रिकाम्या हव्यात. कुणी खलनायक नाही. माणसांचं बरं झालं म्हणून मेस ओस पडल्या. तरी त्या वहीतल्या रेघा पुसल्या जाऊ नयेत असं वाटतंच.

चालत आम्ही तिरेट्टा बाजारात पोचलो. ‘सत्यान्वेषी’तली मेस ज्या भागात आहे, त्याच्या एका बाजूला परप्रांतीय व्यापारी, दुसरीकडे झोपडवस्ती आणि तिसरीकडे चिनी लोकांची वस्ती, असं अजित वर्णन करतो. दिवसा साधासुधा आणि रात्री वेगळाच भासणारा मोहल्ला. तिरेट्टा हा कोलकात्यातला जुना चिनी भाग. सकाळी रस्त्याकडेला वाफाळलेले मोमो आणि बाव विकायला बसतात. आम्ही खाल्ले, उत्तम होते. पण सरांनी इथंही थांबवलं. त्या काळच्या रहस्यकथांना चिनी मोहल्ला गूढ पडद्यासारखा सोयीचा होता, म्हणाले. पडद्यामागच्या माणसांचं पुढे काय झालं? १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन डांबलं. गुन्हा काही नव्हता. सुटून आल्यावर अनेकांना घर-धंदा परत मिळाला नाही. बरेच जण देश सोडून गेले. बाजार आज जो लहानसा दिसतो, त्यामागे हेही आहे. ही गोष्ट ब्योमकेशच्या कुठल्याच कथेत नाही. पण त्याचा माग काढत आलो नसतो, तर मला ती अशी समोर उभं राहून कळली नसती.

फेरी संपली एस्प्लनेडला, व्हाइटअवे लेडलॉ या एकेकाळच्या बड्या दुकानाच्या इमारतीसमोर. आता तिला मेट्रोपॉलिटन बिल्डिंग म्हणतात. याच कंपनीचं मुंबईतलं दुकान फोर्टात होतं, ज्या इमारतीत पुढे अनेक वर्षं खादी भांडार चाललं तिथं. ‘पथेर कांटा’ म्हणजे ‘वाटेतला काटा’ या कथेत वर्तमानपत्रात एक चमत्कारिक जाहिरात येते: ज्याला आपल्या वाटेतला काटा दूर करायचा असेल, त्यानं शनिवारी संध्याकाळी साडेपाचला या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं एका खांबाला हात लावून फोटो काढले. सर म्हणाले, “दुकान पहिल्या प्रकारातलं. खांब तिसऱ्या.”

जवळच ट्रामचे रूळ होते. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्राम इथं सुरू झाली, १९०२ पासून विजेवर धावू लागली. मैदान ते एस्प्लनेड हा एक वारसा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचं २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं, तेव्हा मला त्या मेसच्या वहीची आठवण झाली.

निरोप घेताना सरांनी मला विचारलं, “तुम्ही पुण्याचे ना? मग खरा पत्ता तुमच्याकडेच आहे.” ते खरंच आहे. शरदिंदूंनी १९३६ पर्यंत दहा कथा लिहून ब्योमकेशला रजा दिली होती. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले. पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प. मग कोलकात्याच्या एका भेटीत परिमल गोस्वामी यांच्या घरातल्या मुलांनी तक्रार केली, तुम्ही ब्योमकेश का लिहीत नाही? १९५१ मध्ये तो परतला. १९५२ मध्ये शरदिंदू सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले, आणि उरलेल्या बहुतेक कथा इथं राहून लिहिल्या. इथंच त्यांना शिवकालातला सदाशिव नावाचा मराठी पोरगा सुचला. त्याच्या गोष्टी बंगाली मुलं आवडीनं वाचतात. आणि ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेश स्वतः महाबळेश्वरला येतो. थंडीत, ओस पडलेल्या हॉटेलात उतरतो आणि तिथून अजितला लांबलचक पत्र लिहितो.

म्हणजे जौनपूरला जन्मलेला, मुंगेरला वाढलेला माणूस चार वर्षं शिकायला कोलकात्यात राहिला, आणि पुढे पुण्यात बसून त्यानं ते शहर इतकं नेमकं उभं केलं की लोक त्यात घर शोधत फिरतात. मला वाटतं, ते शहर त्यांनी परगावच्या माणसाच्या नजरेनं पाहिलं, खाटेवरून आणि जिन्यावरून. परगावचा माणूस शहर टक लावून पाहतो, कारण इथं कुणावर विश्वास ठेवायचा हे त्याला रोज नव्यानं ठरवावं लागतं. सत्यान्वेषीचं काम तरी दुसरं काय असतं?

आपल्याकडेही गाववाल्यांच्या खोल्या, कूड, जुन्या खानावळी अजून थोड्याफार आहेत. त्यांच्याही वह्या कुणाच्या तरी ट्रंकेत असतील. कुणी लेखक तिथं राहिला होता का, हा प्रश्न नंतरचा. आधी आज तिथं कोण राहतं ते विचारावं. आणि आत शिरण्यापूर्वी दार वाजवावं.